गोडाऊनचे जावई

दाजी माणसाच्या चेहऱ्याकडे बघून बोलत नसत. पायांकडे बघून बोलत. शेंद्र्याच्या गोडाऊनमध्ये इनचार्ज म्हणून मी रुजू झालो, त्या दिवशी माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने आमची ओळख करून दिली. मी हात पुढे केला. दाजींनी तो हातात घेतला, पण नजर माझ्या टोकदार काळ्या बुटांवर होती.

"बूट चांगले हायेत साहेब," ते म्हणाले. "बसायचे हायेत."

मी हसलो. पहिल्या दिवशी कुणी काही टोचून बोललं तरी हसायचं असतं, असं पुण्याला मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवलं होतं. मनात मात्र म्हटलं, हे गृहस्थ आपल्याला जड जाणार.

ट्रॅक्टर आणि मोटरसायकलींचे सुटे भाग आमच्याकडून मराठवाडाभर दुकानदारांना जात. दाजी तिथले मुकादम. वय साठीला टेकलेलं, अंग काटक, कानावर खडू. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. पॅकिंगच्या टेबलाशेजारी एक प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत. कुणी लंगडत असलं की त्याच्या आधी यांना कळायचं. कुणाचं घरी भांडण झालंय हेही म्हणे त्यांना पायांवरून कळायचं, पण यावर माझा अजून विश्वास नाही.

त्यांना दाजी का म्हणत, याची गोष्ट साधी आहे. गोडाऊन सुरू झालं तेव्हा त्यांचा मेहुणा इथे लोडर होता. तो 'दाजी' म्हणायचा, म्हणून बाकीचेही म्हणू लागले. मेहुणा पुढे नोकरी सोडून पुण्याला गेला, दाजी मात्र आमचे राहिले. आणि एकदा जावई म्हटलं की मान आला. चहा आधी त्यांना. कपाचा टवका उडालेला असला की परत. "सासुरवाडीत असला कप?" एवढंच म्हणायचे. दर तीन वर्षांनी अधिक महिना आला की घरोघर जावयाला धोंड्याचं जेवण असतं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढतात. तेव्हा दाजी क्रेटवर बसून मोठ्याने उसासा टाकायचे. "शंभर माणसांची सासुरवाडी, अन् एक चूल पेटत नाय." लोक हसत, आणि कामाला लागत.

या सासुरवाडीत त्यांनी सासूही शोधून ठेवली होती. सुनंदामावशी. शेंद्रा गावातल्या, पन्नाशीच्या, रोज चालत येणाऱ्या. त्या दाजींपेक्षा वयाने लहान होत्या, तरी दाजी त्यांना सासूबाई म्हणत आणि त्याही डोक्यावरचा पदर सारखा करून "काय जावईबापू" म्हणत. गोडाऊनमधली कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे कॉम्प्युटरच्या खालोखाल त्यांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर कॉम्प्युटर चुकायचा.

आमच्याकडे रॅकच्या सहा गल्ल्या होत्या. कंपनीने त्यांना ए ते एफ अशी अक्षरं दिली होती, पण ती अक्षरं फक्त मी वापरत असे. दाजींनी गल्ल्यांना शहरातली आणि आसपासची नावं दिली होती. दाराजवळची पहिली गल्ली छावणी, कारण ती कायम शांत, स्वच्छ, आणि तिथे कुणी फिरकत नसे. सगळ्यांत शेवटची खुलताबाद, कारण लांब, आणि वरची फळी गाठायला शिडी लागे. "घाट चढून या," असं म्हणून दाजी माणसाला तिकडे धाडत. ते स्वतः खुलताबादचे. पहाटेची एस.टी. धरून शहरात यायचे आणि तिथून कंपनीच्या बसने शेंद्र्याला.

नव्या माणसाला दाजी पहिल्या दिवशी एकाही वस्तूला हात लावू देत नसत. "आज फकस्त चालायचं." तो बिचारा दिवसभर रिकामा सहा गल्ल्या हिंडायचा. मला ही चैन वाटे. ठेकेदाराला तर मनस्ताप होई. दाजी म्हणत, "हात पगारासाठी चालतेत साहेब. पाय सवयीनं चालतेत. आधी सवय लावू द्या."

आता माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचा प्रकार कळणार नाही. आमच्या घराण्यात चार पिढ्या कुणी वजन उचललेलं नाही. पणजोबा निजामाच्या काळात दफ्तरात कारकून, आजोबा कचेरीत, वडील बँकेत. आम्ही लिहिणारी माणसं. त्यामुळे गोडाऊनमध्ये काम हळू चाललंय असं दिसल्यावर मी काय केलं असेल, तर एक योजना लिहिली. पुण्याच्या मोठ्या साहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी उलट टपाली मंजूर केली.

योजना अशी. माल काढणाऱ्या प्रत्येक माणसाने तासाला किती नग काढले त्याचा हिशोब रोज एका पांढऱ्या बोर्डावर लिहायचा. महिनाअखेर पहिल्या तिघांना पगाराबरोबर बक्षीस. आणि बोर्डावर जो शेवटी राहील त्याच्या जागी ठेकेदाराने नवा माणूस द्यायचा. हे शेवटचं वाक्य मी अगदी खाली, छोट्या अक्षरांत टाकलं होतं. तेव्हा मला ते फार आधुनिक वाटलं होतं. आज आठवलं की कान गरम होतात.

पहिल्या आठवड्यात आकडे वाढले. मी पुण्याला रोज संध्याकाळी बोर्डाचा फोटो पाठवू लागलो. माणसं अक्षरशः पळत होती. दाजी क्रेटवर बसून बघत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "काय दाजी, पाय कसे काय आहेत?"

"पळायलेत."

"मग चांगलंच की."

"पळणारा मानूस थांबून सांगत नाय साहेब," ते म्हणाले आणि कानावरचा खडू काढून परत कानावर ठेवला. मला वाटलं, म्हातारं मनातून जळतंय. यांच्या चालण्यापेक्षा माझं पळणं सरस ठरलं.

दुसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टरचे ऑइल फिल्टर गायब व्हायला लागले. कॉम्प्युटर म्हणे ऐंशी आहेत, फळीवर तीन. पेरणी तोंडावर आलेली, सगळीकडून फिल्टरचीच मागणी. चोरी झाली असं समजून मी गेटवर पिशव्या तपासायला लावल्या. फिल्टर पिशव्यांत नव्हते. ते ट्रॉल्यांत होते, पोत्यांखाली. फिल्टरची जागा खुलताबादला, तिथे वारंवार जाणं परवडत नाही म्हणून ज्याने त्याने आपला साठा करून ठेवला होता. ज्याला मिळाला नाही तो घाट चढून रिकाम्या हाताने परत येत होता.

मालाच्या चिठ्ठ्या टेबलावरच्या डब्यात असत, वरची घ्यायची असा रिवाज होता. आता डब्यात हात घालून लोक सोप्या चिठ्ठ्या निवडू लागले. अवजड, विचित्र, वरच्या फळीच्या चिठ्ठ्या तळाशी राहत आणि दुपारपर्यंत सुनंदामावशींच्या वाट्याला येत. कुठली वस्तू कुठे आहे हे कुणी कुणाला सांगेना. सगळ्यांत पुढे होता संतोष, पंचविशीचा उंच गडी, शिडी न लावता वरच्या फळीला हात पोचणारा. त्याचं नाव रोज पहिलं. मी त्याची पाठ थोपटत असे.

मग सिल्लोडच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्याने फिल्टर मागवले होते, आमच्याकडून मोटरसायकलचे आरसे गेले. आवाज शांत होता, आणि तेच लागलं. "साहेब, शेतकऱ्यानं ट्रॅक्टरला आरसा लावून भांग पाडायचा का पेरणी करायची?" मी माफी मागितली. त्या आठवड्यात अशी माफी मी बऱ्याच जणांची मागितली.

बोर्डावर शेवटचं नाव रोज एकच होतं. सुनंदामावशी.

महिना संपायला आठ-दहा दिवस राहिले असताना त्या माझ्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"साहेब, शेवटचं म्हंजे मीच जानार ना?"

मी म्हटलं, अजून दिवस आहेत, वेग वाढवा.

"वाढवते की. पन मला कुनी हाक मारली तर मला जावंच लागतं. सवय हाय." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पोरीचं नर्सिंगचं एक वर्ष राह्यलंय. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं."

मी "बघू" म्हणालो. वरिष्ठाने 'बघू' म्हटलं की काय समजायचं ते या बाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या मान हलवून कामाला गेल्या. मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही, पण योजना मागे घ्यायचं धाडसही झालं नाही. योजना माझी होती, पुण्यात तिचं कौतुक झालं होतं, आणि सोमवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मोठे साहेब स्वतः बोर्ड बघायला येणार होते.

दाजींना हे कुणी सांगितलं कोण जाणे. शुक्रवारी ते केबिनमध्ये आले, खुर्चीकडे न बघता उभेच राहिले.

"साहेब, उद्या माल कमी हाय. सकाळी नाष्ट्यापर्यंत तुमी ट्रॉली धरा."

"मी?"

"योजना तुमची हाय. दोन तास करून तर बघा. अन् माझी आनखी एक गोष्ट ऐका. कमरेला सुतळी बांधून घ्या."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण ते गंभीर होते. मी हो म्हटलं, ते काहीसं खुमखुमीने. तिशीच्या आतला माणूस, पुण्याला जिमला जाणारा. मनात होतं, दाखवूच यांना.

शनिवारी सकाळी सातला फोर्कलिफ्ट बंद ठेवली. पॅकिंगसाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या सुतळीचा पांढरा गुंडा दाजींनी माझ्या कमरेला लावला आणि लाल गुंडा सुनंदामावशींच्या. सुतळीचं एक टोक टेबलाच्या पायाला बांधलं. आपण जाऊ तिथे सुतळी मागे पडत जाणार. संतोषसह आणखी चौघे नेहमीसारखं काम करत होते. गुंडा संपला की दाजी नवा जोडून देत. सुतळी पायात आली तर ओलांडायची, तोडायची नाही, एवढाच नियम.

पहिली चिठ्ठी बेअरिंगची. मी छावणीत गेलो, तिथून परत, तिथून शेवटच्या गल्लीत, शिडी चढलो, डबा काढला, टेबलावर आणला. दाजींनी पाकिटावरचा नंबर वाचला आणि शांतपणे म्हणाले, "ह्ये आतल्या मापाचं. भाएरचं पायजे." मी परत घाट चढलो. तिसऱ्या चिठ्ठीला घाम आला. पाचव्या चिठ्ठीला मी मनातल्या मनात माझ्याच नंबरवारीला शिव्या घालत होतो. माल नंबरने लावण्याची ती शिस्तही माझीच. फिल्टरचा नंबर नवाने सुरू होतो म्हणून फिल्टर खुलताबादला, आणि वर्षातून दोनदा विकले जाणारे आरसे दारात. सातव्या चिठ्ठीला मी गल्लीच्या मध्यात उभा राहून ओरडलो, "मावशी, क्लच प्लेट कुठंय?" त्या तिसऱ्या गल्लीतून आल्या, बोट दाखवलं, आणि गेल्या. मागे लाल सुतळी राहिली. मी तिच्यावरून उडी मारून गेलो.

नाष्ट्याची घंटा झाली तेव्हा दाजींनी सगळ्यांना जिन्यावरून वर नेलं. वर रिकाम्या खोक्यांसाठी माळ्यासारखी जागा आहे, तिथून सगळं गोडाऊन दिसतं. खाली सगळ्या फरशीवर पांढरा आणि लाल गुंता पसरला होता. कुणी तरी हसलं, आणि मग हसू बंद झालं, कारण नीट बघितलं की त्यातलं एकेक दिसायला लागत होतं.

माझी पांढरी सुतळी खुलताबादला जाऊन येऊन जाड दोरखंड झाली होती. मधल्या गल्ल्यांत कुठे तरी भरकटली होती. वाट चुकलेला माणूस जसा एकाच चौकात तीनदा येतो, तशी.

दाजींनी लाल सुतळीकडे बोट केलं. मावशींच्या स्वतःच्या चिठ्ठ्या फक्त दोन गल्ल्यांतल्या होत्या. तिथे लाल रेघ सरळ होती, जायची एकदा, यायची एकदा. पण लाल रेघ बाकीच्या चार गल्ल्यांतही गेली होती.

"ही दुसऱ्या गल्लीत काहून गेली?" दाजींनी विचारलं. "तिथं सासूबाईची चिठ्ठी नव्हती."

दाजी वाट बघत राहिले. शेवटी संतोष म्हणाला, "माझी व्हती चिठ्ठी. मी इचारलं व्हतं, ब्रेक शू कुठं हायेत म्हनून."

"अन् ही चौथीत?"

"ती बी मीच."

दुसरा एक जण म्हणाला, "पाचवीत मी बोलावलं." मग तिसरा. मग मला म्हणावं लागलं, "क्लच प्लेट. मी." दाजी एकेका लाल फाट्याकडे बोट करत गेले आणि प्रत्येक फाट्याला एक नाव निघालं.

"आकडा तुमच्या नावावर," दाजी म्हणाले, "चाल हिच्या पायावर."

सुनंदामावशी मागे उभ्या होत्या. त्यांनाच सगळ्यांत जास्त अवघडल्यासारखं झालं होतं. "अवो, त्यात काय," त्या पुटपुटल्या. संतोषने मान खाली घातली. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, कारण तो लबाड नव्हता. मी त्याला जसं पळवलं तसा तो पळाला होता.

खाली आल्यावर दाजींनी बोर्डाशी जाऊन माझं नाव लिहिलं. मावशींच्या नावाखाली. त्यांचे तासाला चोवीस नग, माझे अकरा.

"हे काय दाजी?"

"काम केलं त्याचं नाव लागतं. तुमचाच नियम हाय."

मला त्यातली गोम कळायला एक क्षण गेला. बोर्डावर शेवटी राहील तो जाणार, आणि शेवटी आता मी होतो.

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी सुट्टी होती. सोमवारी मी सगळ्यांच्या अर्धा तास आधी गोडाऊनवर पोचलो आणि डस्टर घेऊन बोर्डासमोर उभा राहिलो. मोठे साहेब दहाला येणार होते. बोर्डावर इनचार्जचं नाव तळाला असणं म्हणजे चारचौघांत फजिती, नोकरीवर काय वेळ येईल तो भाग वेगळाच. मी माझं नाव पुसलं. म्हणजे पुसायचा प्रयत्न केला. ते गेलं नाही. रुमालाला थुंकी लावून घासलं, तरी नाही, नुसताच एक राखाडी डाग पसरला. बाकीची नावं साध्या मार्करने लिहिलेली होती. माझं नाव दाजींनी लाकडी खोक्यांवर पत्ते लिहायच्या पक्क्या रंगाने लिहिलं होतं. सकाळी सातची पाळी आली तेव्हा मी केबिनमध्ये बसून फाईल उलटी धरून वाचत होतो.

मोठे साहेब आले, बोर्डाशी उभे राहिले, वरून खाली वाचत गेले. पॅकिंगच्या टेबलाशी सगळे काम केल्यासारखं करत थांबले होते.

"शेवटी हे कोण?" साहेबांनी विचारलं. आडनाव माझंच होतं, पण ते इनचार्जचं असेल असं कुणाला वाटणार नाहीच.

तेव्हा सांगता आलं असतं की गंमत आहे, कुणी तरी चेष्टा केलीय. जिभेवर तेच होतं. समोर सुनंदामावशी हातात चिकटपट्टी घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"मी, सर," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"शनिवारी मी माल काढला. सगळ्यांत कमी माझा निघाला. नियमाप्रमाणे मी जायला पाहिजे."

साहेब बोर्डाकडून माझ्याकडे वळले. "नियम कुणी लिहिला होता?"

"मीच."

"चुकीचा लिहिलात."

"हो सर. चला, दाखवतो."

मी त्यांना वर माळ्यावर नेलं. दाजींनी शनिवारपासून कुणाला झाडू मारू दिला नव्हता, गुंता तसाच होता. मी सगळं सांगितलं. आरसे, पोत्यांखालचे फिल्टर, लाल सुतळी. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी ते दाजींकडे वळले. "मग काय करायचं म्हणता?"

दाजी साहेबांच्या बुटांकडे बघत होते. "घरात मिठाची बरनी माळ्यावर ठेवतेत का कुनी? रोज लागनारं दारात आना. जड ते कमरेइतक्या उंचीवर ठेवा. अन् बक्षीस द्यायचं तर सगळ्या टोळीला द्या. गाडी चारच्या आत भरून निघाली, अन् दुकानदाराचा उलटा फोन आला नाय, की सगळ्यांना. मग कोन कुनाला सांगायला कंटाळनार नाय. शेवटचा कोन, ह्येची गरजच काय?"

साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. सुनंदामावशींचं नाव ठेकेदाराकडे गेलं नाही. माझंही नाही.

हे वाचून वाटेल, दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. तसं नव्हतं. माल हलवण्यात दोन आठवडे गेले, गाड्या उशिरा निघाल्या, आणि जुन्या सवयीने लोक फिल्टर आणायला खुलताबादला जाऊन कपाळावर हात मारून परत यायचे. संतोष आठवडाभर फुगून बसला, त्याचं पहिलेपण गेलं होतं. पण तोच एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, "गॅस्केट दुसरीत खाली आनलेत रे, वर कुनी चढू नका." त्याने हे न विचारता सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं. सुनंदामावशींना आम्ही मधोमध एक टेबल दिलं. माल कुठे आहे ते सांगणं हेच त्यांचं काम झालं. दाराजवळच्या गल्लीत इतकी वर्दळ सुरू झाली की दाजींनी शहरातल्या गजबजलेल्या बाजारावरून तिचं नाव बदलून गुलमंडी केलं. गाडी चारच्या आत निघू लागली. सिल्लोडच्या दुकानदाराचा एकदा फोन आला तेव्हा मी धास्तीनेच उचलला. "काही नाय साहेब," तो म्हणाला, "ह्या खेपेला बरोबर आलं, म्हनून केला."

तीन महिन्यांची मुदत संपली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बोर्ड मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकून तसाच पडून राहिला. पुसायचं कुणी मनावर घेतलं नाही.

दाजी निवृत्त झाले तो अधिक महिना होता. योगायोग म्हणा. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं तर तिथे पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटाशेजारी दुसरा पाट. दाजींच्या बायकोला संतोष मोटरसायकलवरून खुलताबादहून घेऊन आला होता. गोडाऊनमधला एकेक गडी पुढे होऊन त्यांना "ताई" म्हणत होता. सख्खा भाऊ एक आणि हे शंभर, त्या कितींना ओवाळणार, पण प्रत्येकाच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. सुनंदामावशींनी पहाटे उठून धोंडे केले होते. मावशींची मुलगीही वाढायला आली होती, नर्सिंग पूर्ण करून नुकतीच शहरातल्या एका दवाखान्यात लागलेली. टोपी, उपरणं, नारळ, ताईंना लुगडं, सगळा आहेर होता.

दाजींनी ताटाकडे बघितलं, तुपाची धार बघितली, आणि हात मागे घेतला.

"जावई रुसलाय," ताई म्हणाल्या. लोक खूश झाले. रुसवा काढायचा तर जावई मागेल ते द्यावं लागतं.

"मागा दाजी," मी म्हटलं. "काय पाहिजे?"

"त्यो बोर्ड."

कंपनीची मालमत्ता म्हणून रजिस्टरमध्ये नोंद असलेला बोर्ड मी पुण्याला न विचारता देऊन टाकला. हीच माझी नोकरीतली एकमेव अफरातफर. दाजी जेवले. नऊ धोंडे खाल्ले. संध्याकाळी एस.टी.च्या टपावर बोर्ड बांधून ते गेले, आणि मी केबिनचं दार लावून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात मी खुलताबादला त्यांच्या घरी गेलो. मागे पेरूची थोडी झाडं आहेत. ओसरीच्या भिंतीला तो बोर्ड टांगलेला होता. साध्या मार्करची नावं उन्हापावसाने उडून गेली होती. एकच नाव राहिलं होतं, तळाशी, त्याच्यावर राखाडी डाग.

"आल्यागेल्याला दावतो," दाजी म्हणाले. "म्हनतो, ह्यो आमचा साहेब."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी त्या डागाकडे बघत होतो, ते त्यांच्या लक्षात आलं.

"त्या सोमवारी मी एस.टी. चुकंल म्हनून आदल्या दिशीच शहरात बहिनीकडं मुक्काम केलता," ते म्हणाले. "तुमच्या आधी आलतो. रॅकच्या आड उभा व्हतो."

म्हणजे डस्टर, रुमाल, थुंकी, सगळं त्यांनी बघितलं होतं. इतकी वर्षं बोलले मात्र नव्हते.

"दाजी, रंग पक्का होता म्हणून ते नाव राहिलं. नाहीतर मी पुसलंच होतं."

"व्हय. बोर्डावरचं माझ्या रंगानं राह्यलं," दाजी म्हणाले. "पन साहेबानं इचारलं तवा 'मी' म्हनालात, तिथं माझा रंग नव्हता."

ताईंनी पेरूच्या फोडी तिखटमीठ लावून आणल्या. दाजींनी चांगली फोड माझ्याकडे सरकवली आणि सवयीने माझ्या पायांकडे बघितलं. मी चपला काढून ओसरीत मांडी घालून बसलो होतो. त्यांना बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी मान वर केली, आणि विचारलं, "फिल्टर अजून दारातच हायेत ना?"

मी म्हटलं, "दारातच आहेत."